भट्टीची वेळ

आधी हिरव्या रेघा आल्या,
पंपाच्या पोटात, जिथं मी पाण्याची वाट वळवत होते.
मग अख्खा पडदा विस्कटला,
इचलकरंजीच्या मागावर ताणा तुटावा तसा.
मग काळोख. पंखा तेवढा घुमत राहिला,
आपल्या हातून काही झालंच नाही अशा थाटात.

मगदूमशेठ खालून ओरडले, झालं का ड्रॉइंग?
म्हटलं, होतंय.
गुरुवारी पॅटर्न लाकडात जायचा होता.

ड्रायव्हर काढला, नवा घातला.
नवा काढून दोन वर्षांपूर्वीचा हुडकला, तो घातला.
सेफ मोडमध्ये मशीन शहाण्या पोरासारखं बसलं:
थोराड अक्षरं, फिके रंग,
तक्रार नाही, आणि काम पण नाही.
घरचा टीव्ही रिक्षातून आणून वायरीनं जोडला.
रेघा तिथंही. म्हणजे पडदा निर्दोष.
एका संशयिताचं नाव खोडलं,
बाकीचे तसेच खुर्च्या ओढून बसलेले.

राजारामपुरीत दस्तगीरकडं नेलं.
त्यानं अकरा स्क्रू बशीत काढले,
पात्यांमागून निघाली साच्याची काळी वाळू,
चहाच्या चमच्याभर.
"ताई, लॅपटॉप हाय का मोल्डिंग बॉक्स?"
रंगाच्या ब्रशनं झाडली,
चिपवर टिकलीएवढी नवी पेस्ट लावली,
आणि दुकानात तीन तास पंप गरगर फिरवून दाखवला.
मी पैसे दिले, उद्यमनगरात जिना चढले,
चार्जर लावला.
अकरा चाळीसला रेघा.

फोनवर म्हणाला, "मग कार्डच गेलंय. बावीस हजार.
न्हाईतर नवाच घ्या की."
बावीस हजार म्हणजे माझा दीड महिना.

त्या दिवसापासून दुरुस्ती सोडली, नुसती वेळ लिहू लागले,
डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर.
अकरा चाळीस. दोन दहा. चार पंचेचाळीस.
शनिवारी अकरा बावीस, मग थेट तीन.
सोमवारचा रकाना कोरा.
सोमवारी कारखाना बंद, मी एकटीच आले होते,
आणि पंप दिवसभर फिरला,
शेडमध्ये पारवे घुमत होते तेवढा वेळ.

कोऱ्या रकान्याकडं बघत डबा खाल्ला.
मंगळवारी बापूसोंकडं भट्टीचं रजिस्टर मागितलं.
घामानं फुगलेली अक्षरं:
पहिला चार्ज, अकरा चाळीस. दुसरा, दोन दहा.
माझं चलन शेजारी धरलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला:
"म्हंजे आमी बटण दाबलं की तुमचं मरतंय?"

भट्टी करंट ओढते तेव्हा
जिन्यातला दिवा क्षणभर पिवळा पडतो.
तीन वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर पडत होता.
त्या क्षणात चार्जर चाचरतो,
कार्डाला उमगत नाही आपण बॅटरीवर की भिंतीवर,
आणि हातातलं चित्र सुटतं.

खाली ओतत होते ते कव्हर
माझंच होतं, मार्चमध्ये काढलेलं.
मागचं ड्रॉइंग लोखंड होता होता
पुढच्याचा गळा धरत होतं.

दस्तगीरला कळवलं.
थोडा वेळ गप्प. मग, "पर वाळू तर खरी हुती न्हवं?"
खरी होती.

यूपीएस मागितलाय. शेठ म्हणाले, दिवाळीनंतर बघू.
तोवर बापूसो बटणाआधी जिन्याखालून हाक देतात,
"ताईऽ, भट्टी!"
मी पिन उपसते.
दिवा पिवळा होतो, परत येतो.
कपातल्या चहावर बारीक वर्तुळं.
पंप आता जरा जड वळतो,
पाण्याची वाट अजून दोन अंशांनी चुकतेय,
बॅटरी एकोणीस टक्के,
अठरा.